पाकिटें भरण्याचा उद्योग

गेल्या महिन्यांत माझ्या एका माजी विद्यार्थिनीनें घरीं येऊन मला विचारलें, "सर, एवढें शिकून मी फसलें कशी?" घरबसल्या मोबाइलवरून हॉटेलांना अभिप्राय देण्याचें काम तिला मिळालें होतें. प्रथम थोडे पैसे खरोखरच खात्यांत जमा झाले. मग अधिक लाभाच्या कामासाठीं अनामत मागण्यांत आली, आणि ती सोडविण्यासाठीं आणखी रक्कम. तिच्या प्रश्नाचें उत्तर तिच्या बुद्धींत नसून इतिहासांत शोधावें लागतें.

अमेरिकेंत १९२९ नंतरच्या मंदींत 'घरीं बसून पाकिटें भरा' अशा जाहिराती झळकत. गरजूनें प्रथम अल्पसें शुल्क पाठवावयाचें. उलट टपालानें पाकिटें मात्र येत नसत. येई ती एक सूचना : 'आपणही अशीच जाहिरात द्या, आणि शुल्क पाठविणारास हाच मजकूर पाठवा.' म्हणजे फसलेल्यानेंच पुढल्यास फसवावें! ज्याचें मन यास तयार होत नसे, तो लाजेनें मुकाट्यानें बसे. या मौनावरच तो धंदा पोसला.

कायदा मागें राहिला होता असें नव्हे. टपालाद्वारें होणाऱ्या फसवणुकीस अमेरिकेनें १८७२ मध्येंच गुन्हा ठरविलें होतें. १८९६ मध्यें ड्युरलंड खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें, भविष्यकाळाविषयीं दिलेलें खोटें आश्वासनही फसवणूकच होय, असा निर्वाळा दिला. नोकरीचें आमिष हें नेहमीं भविष्याचेंच असतें, म्हणून हा निर्णय महत्त्वाचा. पुढें २०१२ पासून, घरबसल्या धंद्याची संधि विकणारानें पैसे घेण्यापूर्वीं निदान सात दिवस लेखी माहिती दिली पाहिजे, असा नियम तेथें अमलांत आला. या सात दिवसांचें मर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. ठकाला सर्वांत मोठें भय असतें तें आपल्या विचार करण्याचें, आणि म्हणूनच तो घाई करतो.

आपल्याकडेही १८६० च्या दंडसंहितेंतील चारशेवीस हें कलम बोलीभाषेंत रुळलें. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमानें घेतली. डिसेंबर २०२३ मध्यें भारत सरकारनें गुंतवणुकीच्या व अर्धवेळ नोकरीच्या नांवानें फसविणारीं शंभरांहून अधिक संकेतस्थळें बंद केलीं. साधन पालटलें, पाकिटाचा पडदा झाला, युक्ति तीच.

तेव्हां कसोटीही जुनीच पुरे. काम देणारा वेतन देतो, मागत नाहीं. जेथें उमेदवारानेंच पैसे भरावयाचे, तेथून परत फिरावें. आपलें बँकेचें खातें दुसऱ्याच्या रकमांसाठीं कधींही देऊं नये, कारण त्यायोगें पाकिटवाल्यांप्रमाणें आपणच साखळीची कडी बनतों. फसलोंच, तर पुढें एकही रुपया न देतां, संदेश व पावत्या जपून, तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि बँकेंत कळवावें. गेलेले पैसे शुल्क घेऊन परत मिळवून देतों म्हणणारा बहुधा दुसरा ठकच असतो.

माझ्या विद्यार्थिनीनें त्याच दिवशीं तक्रार नोंदविली. पैशांचें काय होईल तें होवो. परंतु ज्या मौनावर हा धंदा शंभर वर्षें जगला, तें तिनें मोडलें, याचें मला समाधान वाटलें.