गाडी ‘मिसिंग’ मारते तेव्हा

गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही आणि इंजिन मात्र चालू आहे. या अवस्थेला पुस्तकात आयडलिंग म्हणतात. आमच्या दापोलीच्या गॅरेजांत म्हणतात ‘स्लो’. स्लोवर इंजिनानं एका सुरात गुणगुणावं अशी अपेक्षा असते. ते थरथरू लागलं, मधूनच एखादा ठोका गाळू लागलं की मिस्त्री म्हणतो, गाडी मिसिंग मारतेय. चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी बहुधा एक, तीन, चार, दोन या क्रमानं पडते. त्यातला एक गैरहजर राहिला की उरलेल्या तिघांवर ओझं येतं आणि सगळी गाडी हलते. गझल लिहिणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ओळीत एक मात्रा कमी पडली की अर्थाच्या आधी कान अडखळतो.

आपल्याकडच्या मिस्त्रींचे कान ज्या गाड्यांवर तयार झाले, त्यांतली एक कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिथं साठच्या दशकात फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं. उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं आणि मुंबईतली अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. माझ्या लहानपणी मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईकरांच्या फियाट कशेडी घाट ओलांडून खेडमार्गे दापोलीत यायच्या. त्यांतल्या काही घरी जाण्याआधी गॅरेजात जायच्या.

तिथं मिस्त्री काय करायचा? इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर काढायचा. वायर काढल्यावर आवाज आणखी बिघडला, तर तो सिलिंडर काम करत होता. काढूनही काहीच फरक पडला नाही, तर चोर तिथं! मग तो प्लग खोलून उजेडात धरायचा. कोरडी काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त जातंय. तेलकट असला तर रिंगा झिजल्यात. पांढरट पडला असेल तर हवा जास्त. वैद्यानं जीभ पाहावी तसं ते पाहणं असे. पावसाळ्यात आमच्याकडे निम्म्या तक्रारी डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात शिरलेल्या ओलीच्या. ते कोरड्या फडक्यानं पुसलं, सीबी पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवला, की गाडी सुरात. त्या पॉइंटमधली फट अर्धा मिलिमीटरही नसते. आतून कुठून खडखड येतेय हे शोधायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाजवळच्या हाडावर. १८१६ मध्ये फ्रान्समधल्या लेनेक या डॉक्टरनं कागदाची सुरळी करून रुग्णाची छाती ऐकली, त्यातलाच हा प्रकार.

एवढ्यानं भागलं नाही तर कार्बोरेटर. बारीक तोंडातून पेट्रोल उडवून ते हवेत मिसळण्याची युक्ती १८९३ च्या आसपासची. जर्मनीत मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी ती साधली. त्यात स्लोसाठी वेगळं छिद्र असतं, स्लो जेट. केसाएवढा कचरा आला तरी ते बुजतं. उस्ताद पोऱ्याला बजावायचा, तार घालू नकोस, भोक मोठं होईल, फुंकर मार. जेट साफ झाला की मिक्स्चरचा स्क्रू हळूहळू आत, इंजिन अडखळेपर्यंत. मग तसाच हळूहळू बाहेर, आवाज भरेपर्यंत. हा सगळा खेळ पाव-अर्ध्या फेऱ्याचा, आणि मीटर एकच, कान.

त्या दिवसांबद्दल फार हळवं व्हावं असं मला वाटत नाही. जेटवर फुंकर मारणाऱ्या आणि नळीनं पेट्रोल ओढणाऱ्या त्या पोरांच्या तोंडात शिशाचं पेट्रोल जात होतं. देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचं झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. त्या पोरांचा हिशेब कुणी ठेवला?

सरकारही गाडी ऐकायला आलं ते नेमकं स्लोवरच. त्या वेळी इंजिन कमी हवा घेतं, पेट्रोल अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद गॅरेजात हा वायू माणूस मारतो, आणि त्याला वास नसतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी स्लोवर चालणाऱ्या पेट्रोल चारचाकीच्या धुरात त्याची मर्यादा ३ टक्के ठेवली. पीयूसीची नळी धुराड्यात घालतात ती हेच मोजायला. काही जण पीयूसीपुरता स्क्रू आत घ्यायचे आणि दाखला हातात पडला की पुन्हा बाहेर. भारत स्टेज दोन आणि पुढच्या गाड्यांसाठी २००४ मध्ये मर्यादा ०.५ टक्क्यांवर आली. एवढ्या बारकाव्याला कान आणि स्क्रूड्रायव्हर पुरणारे नव्हते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून फ्युएल इंजेक्शन आलं. पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवू लागला आणि तो स्क्रूच नाहीसा झाला. हे व्हायलाच हवं होतं. पण पन्नाशी गाठलेल्या कितीतरी मिस्त्रींचं भांडवल त्या स्क्रूबरोबर एका फटक्यात गेलं, आणि त्यांना नवं शिकवायला त्यांच्या गल्लीत कोण आलं होतं?

आताची गाडी मिसिंग मारू लागली की समोरचा इंजिनाचा दिवा लागतो. स्कॅनर लावला तर पी ०३०३ असा आकडा येतो. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. कशामुळे, ते स्कॅनर सांगत नाही. थ्रॉटल बॉडीवर काजळी बसलेली असते, हवेची नळी चिरलेली असते, आणि आमच्या कोकणात पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत आलेल्या उंदरानं वायर कुरतडलेली असते. प्लग बदलण्याची घाई करणारे पुष्कळ असतात. जाणता मिस्त्री आधी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवतो, दुसऱ्याची तिसऱ्यावर, आकडा पुसून टाकतो आणि इंजिन पुन्हा स्लोवर चालू देतो. नवा आकडा पी ०३०२ आला, तर कॉइल गेली. पुन्हा ०३०३ च आला, तर प्लग, इंजेक्टर, वायर, असं एकेक तपासत जायचं.