योग्य औषध म्हणजे योग्य माप

२०१९ चा रमजान भर मे महिन्यात आला होता. बाहेर उन्हाचा कडाका आणि चौदा तासांहून लांब रोजा. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, वर्षभर अगदी ठीक होती. म्हणून डॉक्टरांना न विचारताच तिने रोजे धरले. गोळ्या मात्र चुकवल्या नाहीत. इफ्तारनंतर आणि सहरीला नेमाने घेतल्या. दुसऱ्या आठवड्यात तिचे हात थरथरू लागले, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला. अम्मीला वाटले, रोजा लागला असेल. रक्त तपासले तेव्हा कळले, अंगात लिथियम साचले होते.

आपाला द्विध्रुवी विकार, म्हणजे बायपोलर आहे. कधी महिनोन्‌महिने उदासी, तर कधी झोप नको, पैशाचा हिशेब नको, बोलणे थांबत नाही. पहिल्या डॉक्टरांनी तिची फक्त उदासी पाहिली आणि उदासीच्याच गोळ्या दिल्या. त्यांनी ती दुसऱ्या टोकाला गेली. एका दुपारी बांगड्या विकून आली. मग तावीज झाले, दर्ग्यावरच्या जुमेराती झाल्या. शेवटी लिथियम लागू पडले. आम्हाला वाटले, औषध सापडले, शोध संपला. तो संपला नव्हता, हे मला लिथियमचा इतिहास वाचल्यावर समजले.

लिथियम हा एक क्षार आहे, मिठाचा भाऊबंदच. वेड्या उन्मादावर तो चालतो हे जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने दाखवले. दुसऱ्या महायुद्धात ते सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचे कैदी होते. परतल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील रुग्णालयात, वापरात नसलेल्या एका स्वयंपाकघरात त्यांनी प्रयोग मांडले. उन्माद शरीरातल्या एखाद्या विषामुळे होतो, असा त्यांचा तर्क होता. रुग्णांच्या लघवीतले युरिक आम्ल तपासताना ते पाण्यात विरघळावे म्हणून त्यांनी लिथियमचा क्षार वापरला आणि गिनीपिग शांत पडले. आज अनेक जाणकारांना वाटते, त्या जनावरांना बहुधा लिथियमची बाधाच झाली असावी. तर्क चुकीचा, पण हाती लागले ते खरे औषध.

केड यांनी ते आधी स्वतः घेऊन पाहिले. मार्च १९४८ मध्ये पाच वर्षे उन्मादात असलेल्या एका ५१ वर्षांच्या माणसाला ते दिले. काही महिन्यांत तो घरी गेला, कामाला लागला. सप्टेंबर १९४९ मध्ये केड यांचा लेख छापून आला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी लोक सांगतात. त्या माणसाने बरे वाटताच औषध सोडले, आजार परतला, औषध पुन्हा सुरू झाले आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला.

अमेरिकेत त्याच १९४९ साली आणखी एक अनर्थ झाला. ज्यांना मीठ वर्ज्य होते अशा हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकले जाई. लोक ते जेवणावर हवे तेवढे भुरभुरत. काही जण दगावले आणि ते बाजारातून काढावे लागले.

कारण साधे आहे. शरीरात मीठ आणि पाणी कमी झाले की मूत्रपिंड मिठासोबत लिथियमही धरून ठेवते. गोळ्या तेवढ्याच राहतात, रक्तातले प्रमाण मात्र चढते. मीठ तोडलेल्या त्या अमेरिकन रुग्णांत आणि घामाने निथळत रोजा धरणाऱ्या माझ्या आपात हाच धागा होता.

लिथियमला वाचवले ते रक्ताच्या तपासणीने. मेलबर्नच्या एडवर्ड ट्राउटनर यांनी रक्तातले प्रमाण मोजत मोजत ते कसे द्यावे हे दाखवले. डेन्मार्कचे मोगेन्स शाउ यांनी १९५४ मध्ये त्याची पद्धतशीर चाचणी घेतली. त्यांच्या सख्ख्या भावाला वारंवार नैराश्य येई, त्यालाही लिथियमने आधार दिला. अमेरिकेने १९७० मध्ये मान्यता दिली. म्हणजे औषध हाती आल्यापासून त्याचे माप जगाच्या गळी उतरायला वीसहून अधिक वर्षे लागली. आजही लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल एवढीच त्याची जागा. दीडच्या पुढे धोका. सगळ्यांना ते मानवतही नाही. कुणाला व्हॅल्प्रोएट, कुणाला लॅमोट्रिजिन लागू पडते. ही तर मुळात मिरगीची औषधे.

आपाला त्या वर्षी समजावणे सोपे गेले नाही. "मी बरी आहे, मग रोजे का सोडू?" असे ती रडून विचारायची. आमच्या मशिदीतल्या मौलानांनी तिला बसवून सांगितले, कुरआनने आजाऱ्याला सवलत दिली आहे, ती नाकारण्यात पुण्य नाही. आता ती फिदया देते, दुपारी पाणी पिते आणि इफ्तारची फळे स्वतः कापते. ठरल्या तारखेला रक्त तपासते. थायरॉइड आणि मूत्रपिंडही.

आपल्या घरात कुणी लिथियम घेत असेल, तर रमजानचा चाँद दिसण्याची वाट पाहू नका. शाबान महिन्यातच डॉक्टरांना भेटा. स्वतःच्या मनाने रोजा धरू नका आणि स्वतःच्या मनाने गोळीही सोडू नका.