भोपळ्यातून उमटलेला सूर

आमच्या नवी मुंबईत मुलं-मुली पाठीवर गिटार अडकवून शिकवणीला जाताना दिसतात. गिटारीची पेटी लाकडाची. आपल्या तंबोऱ्याचं पोट मात्र शेतात पिकतं!

ही गोष्ट सांगली जिल्ह्यातल्या मिरजेची. तिथे शिकलगार राहत. तलवारी-भाल्यांना धार लावायची, चकाकी आणायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अंमल आला आणि हत्यारांची मागणी आटली. मग 1850च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगारांनी तेच कसबी हात तंतुवाद्यांकडे वळवले. धंदा गेला, पण कसब गेलं नाही. त्यांच्या वंशजांनी ते आजवर जपलं आहे.

तंबोऱ्याला लागतो मोठा कडू भोपळा. पंढरपूर, मंगळवेढा भागातले शेतकरी तो पिकवतात. तो खाण्यासाठी नसतोच. कित्येक महिने वाळवून, कापून, आतून साफ करून त्यावर तूनच्या लाकडाची तबकडी बसवतात. वर दांडी, खुंट्या, चार तारा. शेवटी घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतात, तेव्हा तार गुंजते. या सगळ्यात कारागिराचा हात आणि कान, दोन्ही लागतात.

2024 साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेचं नाव आता दुसऱ्या कुणाला लावता येणार नाही. पण मानांकन हा कागद आहे. कसब टिकेल ते पुढची पिढी शिकली तरच. आपल्या गटातल्या गोधडीचं, टोपलीचं, पापडाचं कसब आपण कुणाला शिकवतोय, मैत्रिणींनो?