संदर्भ लेख : रिॲलिटी शोमधील प्रेक्षककौल आणि सूत्रसंचालकावरील पक्षपाताचा आक्षेप

नवी दिल्ली : रिॲलिटी शोचा विजेता प्रेक्षकांच्या मतांवर ठरतो, मात्र कोणाला किती मते मिळाली, याची तपशीलवार आकडेवारी सर्वसाधारणपणे जाहीर केली जात नाही. त्यामुळे सूत्रसंचालकाचे शब्द, प्रसंगांची निवड आणि स्पर्धकांना मिळणारा वेळ यांवरूनच प्रेक्षक निष्पक्षतेचा अंदाज बांधतात. पक्षपाताचा आक्षेप जवळपास प्रत्येक पर्वात नव्याने उपस्थित होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

‘बिग बॉस ओटीटी’च्या दुसऱ्या पर्वात राजधानी परिसरातील दोन स्पर्धक या वादाच्या केंद्रस्थानी होते. १७ जून २०२३ रोजी सुरू झालेल्या या पर्वात गुरुग्रामचे एल्विश यादव विजेते, तर दिल्लीचे अभिषेक मल्हान उपविजेते ठरले. दोघांचाही यूट्यूबवर मोठा चाहतावर्ग होता. यादव यांचा प्रवेश जुलैमध्ये ‘वाइल्ड कार्ड’द्वारे झाला होता. त्याच महिन्यात सूत्रसंचालक सलमान खान यांनी ‘वीकेंड का वार’मध्ये त्यांना असभ्य भाषेवरून खडसावले. त्यावर चाहत्यांनी समाजमाध्यमांवर पक्षपाताचा आरोप केला. १४ ऑगस्ट रोजी यादव यांनीच २५ लाख रुपयांचे पारितोषिक जिंकले.

‘बिग बॉस’ हिंदीच्या अठराव्या पर्वात आक्षेपाचा रोख वाहिनीकडे होता. ऑक्टोबर २०२४ मधील पहिल्याच भागात विवियन डिसेना यांना संभाव्य अंतिम दोघांपैकी एक म्हणून घोषित करण्यात आले. ते ‘वाहिनीचे लाडके’ असल्याची टीका पर्वभर होत राहिली. १९ जानेवारी २०२५ रोजी मात्र करणवीर मेहरा विजेते ठरले आणि डिसेना उपविजेते राहिले.

‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात याउलट चित्र दिसले. ज्येष्ठ अभिनेत्री वर्षा उसगावकर यांच्याशी उद्धटपणे बोलल्याबद्दल सूत्रसंचालक रितेश देशमुख यांनी निक्की तांबोळी यांची कानउघाडणी केली, तेव्हा अनेक प्रेक्षकांनी त्यांचे स्वागत केले. सूत्रसंचालकाची समज कोणाला न्याय वाटते आणि कोणाला अन्याय, हे बहुधा आवडत्या स्पर्धकावरून ठरते. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी बारामती तालुक्यातील सूरज चव्हाण या पर्वाचे विजेते झाले.

तरीही सर्वच आक्षेप चाहत्यांच्या भावनेवर सोडून देता येत नाहीत. घरातील कॅमेरे अहोरात्र सुरू असतात. प्रेक्षकांपुढे येणारा भाग साधारण तासाभराचा असतो. त्यात काय दाखवायचे आणि आठवडाअखेरीस कशावर चर्चा करायची, याची निवड निर्मितीपक्षाच्या हाती असते. ‘ओटीटी’च्या दुसऱ्या पर्वात २४ तासांचे थेट प्रक्षेपण उपलब्ध असल्याने संपादित भाग मूळ घटनांशी ताडून पाहण्याची काही प्रमाणात सोय होती.

तक्रार निवारणासाठी २०२१ पासून त्रिस्तरीय व्यवस्था आहे. प्रथम वाहिनी किंवा ओटीटी मंच, त्यानंतर स्वनियमन संस्था आणि शेवटी केंद्र सरकार, असा तिचा क्रम आहे. पहिल्या स्तरावर १५ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. तथापि, या व्यवस्थेचा भर आशयावर, म्हणजे अश्लीलता, बदनामी, बालकांचे संरक्षण अशा बाबींवर आहे. २०१० मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने ‘बिग बॉस’ रात्री ११ नंतर दाखवण्याचा आदेश दिला, तोही आशयाच्याच कारणावरून. मुंबई उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. स्पर्धांच्या मतमोजणीसाठी दूरचित्रवाणीच्या कार्यक्रम संहितेत स्वतंत्र नियम नाही.

ब्रिटनमध्ये प्रेक्षकांच्या सशुल्क दूरध्वनी सहभागातील गैरप्रकारांबद्दल ‘ऑफकॉम’ या नियामकाने मे २००८ मध्ये आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पौंडांचा दंड ठोठावला होता. भारतीय प्रेक्षकाला खटकलेल्या दृश्याबद्दल दाद मागण्याचा मार्ग उपलब्ध आहे. आपले मत मोजले गेले की नाही, हे पडताळण्याचा मार्ग मात्र त्याच्यापाशी नाही.