गंजिफा : दहा अवतारांचा डाव

कथा ऐकून झाली कीं ती संपली, असें आपल्या लोकांनीं कधींच मानलें नाहीं. सरावली-बोईसरच्या पूर्वेस जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत बोहाडा भरतो, तेव्हां पुराणांतील देव-दानव मुखवटे चढवून वाजंत्र्याच्या तालावर नाचत येतात. गांवचाच एकादा मनुष्य त्या रात्रीं रावण झालेला असतो. उत्तर कोंकणांत ही हौस मुखवट्यांनीं भागविली; दक्षिण कोंकणांत, सावंतवाडीस, ती तळहातांत मावणाऱ्या वाटोळ्या पानांवर उतरली. त्या पानांचा खेळ म्हणजे दशावतारी गंजिफा.

हा खेळ मूळचा येथला नव्हे. १५२७ सालीं बाबरानें सिंधमधील ठठ्ठा येथें शाह हसन यास त्याच्या मागणीवरून गंजिफा पाठविल्याची नोंद बाबराच्या आत्मवृत्तांत आहे. हिंदुस्थानांतील या खेळाचा हा पहिला निश्चित उल्लेख समजतात. पुढें अबुल फजलनें 'ऐन-इ-अकबरी'त बारा रंगांच्या जुन्या गंजिफेचें वर्णन करून अकबरानें तींत केलेले फेरफारही सांगितले. जी मोगली गंजिफा मग देशभर पसरली, तिचे रंग आठ व पानें ९६. ताज, शमशेर, गुलाम, चंग हीं त्यांतील कांहीं रंगांचीं नांवें. मुकुट, तलवार, चाकर आणि वाद्य, असा सारा दरबारचा थाट त्यांत होता.

या परक्या चौकटींत येथल्या खेळणाऱ्यांनीं आपली कथा बसविली. तो पहिला कल्पक कोण, त्याचें नांव इतिहासानें राखलेलें नाहीं. प्रत्येक रंगास एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पानें, हा सांगाडा कायम राहिला. मात्र आठांचे दहा रंग झाले व मत्स्यापासून कल्कीपर्यंतचे अवतार राजे होऊन बसले. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कांसवें, परशुरामाच्या पानांवर परशु. अशीं एकूण १२० पानें झालीं.

केवळ चित्रें बदललीं असतीं तर त्यांत विशेष कांहीं नव्हतें. पण कथा खेळाच्या नियमांतही शिरली. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हातीं रामाचा राजा तो उतारी करतो. रात्रीं तो मान कृष्णाकडे जातो. राम सूर्यवंशी व त्याचा जन्म माध्यान्हीचा, कृष्ण चंद्रवंशी व त्याचा जन्म मध्यरात्रीचा, हें ज्या घरांतील मुलासही ठाऊक, तेथें हा नियम पाठ करण्याची गरजच नव्हती. तिघे खेळणार, प्रत्येकास चाळीस पानें आणि हुकूम नाहीं. शिवाय निम्म्या रंगांत दहा मोठा व एक्का लहान, तर उरलेल्या निम्म्यांत नेमकें उलट. गेलेलें प्रत्येक पान ध्यानांत ठेवावें तेव्हां डाव जिंकावा.

हें स्वातंत्र्य एका प्रांतापुरतें राहिलें नाहीं. ओरिसा व बंगालकडील चितारी नवव्या अवताराच्या जागीं जगन्नाथ रंगवीत. ओरिसांत रामायणाची गंजिफा निघाली व रामाच्या पक्षासमोर रावणाचा पक्ष उभा राहिला. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांनीं तर आपल्या ग्रंथांत अठरा रंगांपर्यंतचे नवे खेळ रचले. राजापासून चिताऱ्यापर्यंत कोणासही परवाना मागावा लागला नाहीं. कथा सर्वांची होती.

मग हा खेळ मावळला कां? कारण साधें आहे. सावंतवाडीचें एकेक पान हातानें घडतें. कापडावर वा कागदावर चिंचोक्याची खळ चढवावयाची, घोटून गुळगुळीत करावयाचें, कुंचल्यानें रंगवावयाचें व वरून लाखेचा लेप द्यावयाचा. १२० पानांचा असा संच यंत्रावर छापलेल्या ५२ विलायती पत्त्यांशीं किंमतींत कसा टिकणार? खेळणारे गेले, तसे चितारीही दुसऱ्या धंद्यांकडे वळले.

विद्या जवळजवळ एका वृद्धाच्या हातांत उरली होती. सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनीं पुंडलीक चितारी यांजकडून ती स्वतः शिकून घेतली, आणि १९७१ मध्यें राजवाड्यांत लाखकामाचें व गंजिफेचें काम सुरू झालें. याच सुमारास मुंबईचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन जुने संच जमवून त्यांचा अभ्यास करीत होते. त्यांचें गंजिफेवरील पुस्तक १९८२ सालीं प्रसिद्ध झालें. राजवाड्यांतील दालनांत आज पानें रंगतात. मात्र तीं घेणारे बहुतेक लोक भिंतीवर लावण्यासाठीं घेतात. डाव मांडणारे थोडे.

आज संगणकावर कित्येक हौशी तरुण आवडत्या कादंबऱ्यांतील वा चित्रपटांतील पात्रें घेऊन स्वतःचे खेळ रचतात. त्यांची हौस गंजिफेच्या पहिल्या कर्त्याहून निराळी नाहीं. फरक इतकाच कीं, त्यांच्या पात्रांना मालक आहेत व ते हरकत घेऊं शकतात. दहा अवतारांवर कोणाची मालकी नव्हती, म्हणून त्यांचा खेळ मोकळेपणीं वाढला. पण मोकळीक असूनही तो मावळला, हेंही विसरतां येत नाहीं. कारागिरानें पान वांचविलें; डाव वांचवावयाचा तर तिघांनीं एकत्र बसून पानें वाटून घेतलीं पाहिजेत.