नदीनौका : सुकाणू व छत

नदी, खाडी आणि धरणाच्या जलाशयात चालणाऱ्या प्रवासी नौकेतील दिशा देण्याचे साधन आणि प्रवाशांवरचे आच्छादन. या दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. नौका हाकणारा कुठे बसतो यावर छत किती उंच ठेवायचे, ते कुठवर न्यायचे आणि कुठे तोडायचे हे ठरते. समुद्रात मुख्य प्रश्न लाटेचा असतो. नदीत तो उथळ पाणी, पुलाची उंची, ऊन आणि आडव्या वाऱ्याचा असतो.

प्रवरा–गोदावरी खोरे : देवळाली प्रवरा (ता. राहुरी, जि. अहिल्यानगर) या गावाच्या नावात नदी असली, तरी प्रवरेवर नियमित जलवाहतूक नाही. ओझरच्या बंधाऱ्यातून पाणी कालव्यांत जाते, पुढे ठिकठिकाणी बंधारे आहेत आणि उन्हाळ्यात पात्र उघडे पडते. नौका दिसतात त्या जलाशयात. राहुरी तालुक्यातच मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर आहे. प्रवरा गोदावरीला मिळते ते नेवासे तालुक्यातील प्रवरासंगम पैठणच्या नाथसागराच्या फुगवट्यात येते. नाथसागर ज्यामुळे झाला त्या पैठणच्या धरणाची पायाभरणी 1965 मध्ये झाली व 1976 मध्ये त्याचे लोकार्पण झाले. अशा जलाशयांतील मासेमारीच्या नावा बहुधा बिनछपराच्या असतात. जाळे ओढताना उभे राहावे लागते, तिथे छत अडचणीचेच.

सुकाणूची जागा : सर्वांत जुनी रीत पिछाडीची. नावाडी मागे उभा राहून वल्ह्याने किंवा सुकाणूच्या दांड्याने नाव वळवतो. पंढरपूरला चंद्रभागेतील होड्या वल्ह्यावरच चालत आल्या आहेत. दांड्याचा गुण असा की पाण्याचा जोर थेट हाताला कळतो. मध्ये तार नाही, साखळी नाही, त्यामुळे बिघडण्यासारखे फारसे काही नसते. बाहेरून बसवलेल्या इंजिनाला वेगळे सुकाणू लागत नाही, इंजिनच दांड्याने फिरवतात.

दोष दृष्टीचा आहे. छत टाकले आणि बाकांवर माणसे बसली, की मागच्या नावाड्याला छताची कड आणि प्रवाशांची डोकी यांमधली अरुंद फटच उरते. तो वाकून पाहतो, नाहीतर नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, एक पोरगा बसवून त्याच्या हाताच्या खुणेवर नौका वळवतो. धक्क्याला लागताना ही खूण क्षणभर चुकली तरी नाळ दगडावर आपटते.

यावरचा उपाय म्हणजे पुढे बसवलेले चाक. केरळातील केट्टुवल्लम या घरनौकांत चालक नाळेजवळ, छताच्या पुढच्या कमानीखाली बसतो. सिंधुदुर्गात तारकर्लीला कर्ली नदीत आलेल्या घरनौका याच घडणीच्या. समोरचे सगळे दिसते, मागचे मात्र दिसत नाही. चाकापासून सुकाणूपर्यंत तार किंवा साखळी न्यावी लागते. ती सैल झाली की चाक आधी काही अंतर नुसतेच फिरते आणि नौका उशिरा वळते. रोज सकाळी तारेचा ताण हाताने पाहणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे. शिवाय सुकाणू मुख्यतः पंख्याने मागे फेकलेल्या पाण्यावर काम करते. इंजिन मंद केले की वळणेही मंदावते. प्रवाहाबरोबर खाली उतरताना हे विशेष जाणवते.

तिसरा प्रकार उंच कोठडीचा. गोव्यातील फेरीबोटींत वाहनांसाठी तळ मोकळा ठेवून सुकाणूची कोठडी वर उचललेली असते. चालकाला दोन्ही काठ दिसतात. प्रवाशांच्या वाट्याला सावली थोडीच येते. युरोपात ऱ्हाइन नदीवरील मोठ्या नौकांची कोठडी पुलाखालून जाताना यंत्राने खाली घेता येते.

छताचे प्रकार : बांबूच्या चटईचे कमानदार छत हलके, थंड आणि वाऱ्याला वाट देणारे असते; पावसाळ्याआधी त्याची डागडुजी करावी लागते. पाइपच्या सांगाड्यावरची ताडपत्री सर्वांत स्वस्त, आणि वादळ दिसताच सोडता येते. पत्रा टिकतो, पण तापतो आणि वजन वर नेतो. फायबरचे छत ताडपत्री व पत्रा यांच्या मधले.

छत आणि स्थैर्य : प्रस्तुत विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. वजन जितके वर, तितका नौकेचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कललेली नौका सरळ होण्याचा जोर घटतो. छतावर 30 माणसे चढली, तर सुमारे 2 टन वजन सर्वांत वाईट जागी जाऊन बसते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट झाला की दाब चौपट. पावसात बाजूचे प्लास्टिकचे पडदे सोडले, की नौकेला जणू आडवे शीडच लागते, आणि ती उलटल्यास तेच पडदे बाहेर पडण्याची वाट अडवतात.

30 सप्टेंबर 2009 रोजी थेक्कडीच्या जलाशयात ‘जलकन्यका’ ही दुमजली नौका उलटून 45 जण दगावले. प्रवासी एका बाजूला झुकले हे कारण सांगितले जाते. नौकेचे संतुलनच सदोष होते असेही मत आहे. 7 मे 2023 रोजी केरळातच तानूर येथे 22 जण बुडाले. ती मासेमारीची नौका बदलून दुमजली केलेली होती. 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जणांचा जीव गेला. वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर मोठे जलाशय ओलांडणे छत असो वा नसो धोक्याचेच. प्रवासी नौकेचे छत हे सावलीपुरतेच असावे, बसण्याची जागा म्हणून ते कधीही वापरू नये.

कोयनेचा शिवसागर : बामणोली व तापोळा येथे लाँच ही पर्यटनाआधी गावकऱ्यांची गरज होती. वासोटा किल्ल्यावर जाणारेही बहुधा बामणोलीहून लाँचने जातात.

मोठ्या नौका : 13 जानेवारी 2023 रोजी वाराणसीहून निघालेली ‘गंगाविलास’ ही पर्यटननौका सुमारे 62 मी. लांब असून तिची डूब फक्त 1.4 मी. आहे. पणजीत मांडवीवरील सहलीच्या नौकांत वरचा मजला गाण्याबजावण्यासाठी मोकळा ठेवतात.

कायदा : 1917 च्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय नौका अधिनियम, 2021 आला. यंत्रावर चालणाऱ्या नौकांना तपासणी व नोंदणी आवश्यक आहे; वल्ह्याच्या नावांची नोंद जिल्हा, तालुका व पंचायत पातळीवर करण्याची तरतूद आहे.