जेफरसनची दोन पत्रे : एक जाहीर, एक खासगी

एखादा नेता खरा कसा होता हे त्याच्या जाहीरनाम्यावरून ठरवायचे की त्याच्या पत्रांवरून? आमचे म्हणणे असे की दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. पत्रांतही दोन प्रकार असतात : पदावर बसून लिहिलेली आणि विश्वासातल्या मित्राला लिहिलेली. अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याने आयुष्यभरात सुमारे १९ हजार पत्रे लिहिली. त्यातली दोन जरी एकत्र वाचली तरी बरेच काही उघडे पडते.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान आहेत असे लिहिणारा हाच जेफरसन. त्याच्या हयातीत ६०० हून अधिक माणसे त्याच्या गुलामीत होती. व्हर्जिनियावरील आपल्या पुस्तकात त्याने कृष्णवर्णीय बुद्धीने कमी असावेत, असा संशय विद्वानाच्या थाटात मांडला होता.

या संशयाला उत्तर दिले बेंजामिन बॅनेकर यांनी. मेरीलँडमध्ये १७३१ साली जन्मलेले हे स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी. शेजारच्या जॉर्ज एलिकॉट यांच्याकडून उसन्या आणलेल्या पुस्तकांवर ते खगोलशास्त्र शिकले. १७९१ मध्ये नव्या राजधानीच्या जागेच्या मोजणीतही त्यांनी काम केले. त्याच वर्षी १९ ऑगस्टला त्यांनी तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या जेफरसनला पत्र लिहिले आणि सोबत स्वतः गणित करून तयार केलेल्या १७९२ च्या पंचांगाची हस्तलिखित प्रत पाठवली.

हे पत्र म्हणजे शाबासकी मागणारा अर्ज नव्हता. बॅनेकर यांनी जेफरसनला त्याच्याच जाहीरनाम्याची आठवण करून दिली. ब्रिटिशांच्या ज्या जुलमाचा तुम्ही धिक्कार केला, तोच गुन्हा आमच्या बांधवांना फसवणुकीने आणि बळाने गुलामीत ठेवून तुम्ही स्वतः करत आहात, असे त्यांनी देशाच्या मंत्र्याला तोंडावर सांगितले.

३० ऑगस्टला उत्तर आले. छोटे आणि सभ्य. कृष्णवर्णीयांच्या बुद्धीचे असे पुरावे पाहायला मिळावेत ही माझ्याइतकी कोणाची इच्छा नसेल, असा त्याचा सूर. पंचांग पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सचिव कोंदोर्से यांना पाठवत असल्याचेही त्याने कळवले. पण तुम्ही स्वतः गुलाम का ठेवता, या आरोपावर अवाक्षर नाही. प्रश्न न्यायाचा होता, उत्तर गुणवत्तेवर आले.

आता १८०९ मध्ये या. फ्रान्सचे आंरी ग्रेग्वार यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्यावरचे आपले पुस्तक जेफरसनला पाठवले. फेब्रुवारीत त्यांना लिहिताना जेफरसन कबूल करतो की बुद्धी कमी-जास्त असली तरी ती हक्कांचे माप होऊ शकत नाही. न्यूटन इतरांपेक्षा हुशार होता म्हणून तो कोणाचा मालक ठरत नाही. म्हणजे तत्त्व त्याला पूर्ण ठाऊक होते. पण ८ ऑक्टोबरला मित्र जोएल बार्लो याला लिहिताना तो सांगतो, ग्रेग्वार यांना आपण मऊ उत्तर दिले. पुढे बॅनेकर यांच्याबद्दल : पंचांगात एलिकॉटची मदत असल्याचा संशय आहे आणि पत्रावरून तर हा माणूस अगदीच सामान्य बुद्धीचा दिसतो. बॅनेकर यांचे निधन १८०६ मध्येच झाले होते. उत्तर द्यायला ते नव्हते.

पुरावा नव्हता तेव्हा पुरावा मागितला. पुरावा समोर आला तेव्हा तो दुसऱ्याच्या नावावर टाकला. ही चाल आपल्या तरुणांना समजावून सांगावी लागत नाही.

कोणी म्हणेल, तो त्याच्या काळाचा माणूस होता. बॅनेकर कोणत्या काळाचे होते? १८१४ मध्ये व्हर्जिनियाचाच तरुण एडवर्ड कोल्स याने जेफरसनला गुलामीविरुद्ध पुढाकार घेण्याची विनंती केली. हे काम तरुणांचे, असे सांगून जेफरसनने अंग काढून घेतले. कोल्सने १८१९ मध्ये आपल्या गुलामांना मुक्त केले. जेफरसनच्या मृत्यूनंतर मात्र जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोवर १३० माणसे विक्रीला काढली गेली.

आणखी एक गोष्ट. जेफरसन आपल्या पत्रांच्या प्रती यंत्राने काढून जपून ठेवत असे. बॅनेकर यांच्या अंत्यविधीच्या दिवशी त्यांचे घर जळाले आणि बहुतेक कागद राख झाले. तरी त्यांचा आवाज टिकला, कारण १७९२ मध्येच हा पत्रव्यवहार पुस्तिका म्हणून छापला गेला होता. छापलेला कागद मालकाच्या कपाटावर अवलंबून राहत नाही.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्य सांगितले, तेव्हा तेही याच परंपरेत उभे होते. म्हणून मित्रांनो, कोणी गुणवत्तेचा पुरावा मागितला की आपला प्रश्न सोडू नका. आधी न्यायाचे उत्तर मागा. आणि आपल्या चळवळीतले प्रत्येक निवेदन, प्रत्येक पत्र, प्रत्येक उत्तर जपा आणि छापा.

जय भीम!